सवलत हवीच, पण वाचायला कोण शिकवणार?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

मुलगा बारा वर्षांचा, अनुदानित मराठी शाळेत सातवीत. बोलायला चुणचुणीत, ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलासह सांगतो, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ. पण पुस्तक हातात दिलं की बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत बसतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. दोन शिकवण्या लावून झाल्या. चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतला, काही फरक नाही. हल्ली शाळेच्या वेळेला पोटात दुखतं. शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं, ‘लर्निंग डिसॅबिलिटी असेल, तपासून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला सवलती मिळतात.’ दुसरे सर म्हणतात, ‘हुशार आहे, पण आळशी.’ वडिलांचा मंडप-स्पीकरचा व्यवसाय, त्यांनी स्वतः नववीतून शाळा सोडलेली. त्यांचा प्रमाणपत्राला ठाम विरोध आहे: ‘एकदा शिक्का बसला की पुसत नाही. नोकरीला, लग्नाला आडवा येईल.’ आई अंगणवाडीत काम करतात. धाकटी बहीण चौथीत आहे, ती भावापेक्षा भराभर वाचते आणि त्यावरून घरात रोज रडारड.

आईचे प्रश्न असे: प्रमाणपत्र घ्यावं का? विशेष शाळेत घालावं का? ‘अशी मुलं दुसऱ्या कशात तरी असामान्य असतात म्हणतात. चित्रकला, तबला, बुद्धिबळ, सगळं लावून पाहिलं, ते काही सापडत नाही. मग आम्ही काय करायचं?’ आणि शेवटी एक ओळ: ‘तो लहान असताना मी कामावर जायचे, तो मोबाईल बघत बसायचा. त्यामुळे तर झालं नाही ना?’

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण बाकीच्या पत्रावर तिचीच सावली आहे. नाही, त्यामुळे झालेलं नाही. तुमच्या मुलाची अडचण तुम्हाला वाटते तीच असेल, म्हणजे वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, तर तो मेंदूच्या जडणघडणीचा भाग आहे आणि बऱ्याचदा तो घराण्यात चालत आलेला असतो. आई घरी असती म्हणून तो टळला नसता. पत्रावरून निदान मी करणार नाही, कुणी करूही नये. पण तुम्ही पत्रासोबत त्याच्या वहीच्या पानाचा जो फोटो पाठवला आहे, त्याबद्दल बोलता येईल.

त्या पानावर दोन जातीच्या चुका आहेत. ‘पाऊस’चा ‘पाउस’ आणि ‘वीज’ची ‘विज’ या चुकांनी घाबरू नका. ऱ्हस्व-दीर्घ निम्म्या महाराष्ट्राचं चुकतं, दुकानांच्या पाट्या बघा. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या जातीकडे: ‘शेतकरी’चं ‘शेतरकी’, ‘दुष्काळ’चा ‘दुकाळ’, ‘मार्ग’ एकाच पानावर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. इथे ध्वनींचा क्रम उलटतोय, मधला ध्वनी गळतोय, आणि लिहिलेला शब्द डोक्यात ठरत नाहीये. आळशी मुलाच्या चुका अशा नसतात. आळशी मूल लिहायचंच टाळतं किंवा कसंबसं उरकतं. तुमच्या मुलाने खाडाखोड करकरून अख्खं पान भरलंय.

त्याच फोटोत खाली ‘प्रकाश’ दहा वेळा लिहून घेतलेला आहे. पहिल्या तीन ओळी बरोबर. चौथीत ‘प्र’चा ‘प’ झाला आणि तिथून थेट दहाव्या ओळीपर्यंत ‘पकाश’. म्हणजे बरोबर शब्दाचा सराव तीन वेळा झाला आणि चुकीचा सात वेळा. तो शब्द वाचतच नव्हता, वरच्या ओळीचं चित्र खाली उतरवत होता. हा प्रकार आजपासून बंद करा. शिकवणीच्या सरांनाही तसं सांगा, वाईटपणा आला तरी.

आता प्रमाणपत्र. यजमानांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, आपल्याकडे शिक्के मारले जातात हे खरंच आहे. पण एक विचारते. वर्गात त्याला आत्ता काय म्हणतात? तुमच्याच पत्रात आहे: ‘ढ’, ‘आळशी’, आणि घरी बहिणीच्या तोंडून ‘याला तर वाचताच येत नाही’. शिक्का बसलेलाच आहे, तो कुणी न तपासता मारलाय आणि त्याच्यासोबत एकही हक्क येत नाही. प्रमाणपत्रासोबत हक्क तरी येतात. शिवाय तो तुमच्या कपाटातला कागद आहे. त्याचा उपयोग करायचा की नाही हे तुम्हीच ठरवायचं.

एक नाजूक गोष्ट बोलू का? यजमानांबद्दल तुम्ही कौतुकाने लिहिलंय की शंभर खुर्च्या, चाळीस पडदे, कुणाकडे किती बाकी, सगळा हिशेब डोक्यात. आणि पुढच्याच वाक्यात सहज लिहिलंय की व्हॉट्सॲपवर ते कधी लिहीत नाहीत, बोलूनच पाठवतात, आणि बँकेचे कागद तुमच्याकडून वाचून घेतात. मी त्यांच्याबद्दल काहीच ठरवत नाही. पण नववीतून ते का बाहेर पडले, शाळेत त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, हे कधी निवांत विचारलंयत? शिक्क्याला एवढं घाबरणारा माणूस बऱ्याचदा तो सोसलेला असतो. रुग्णालयात घरातल्या माणसांच्या शिक्षणाबद्दल विचारतात, तेव्हा ते सोबत असले तर बरं.

कायद्याच्या बाजूने तुमचं पारडं जड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. अशा मुलांना लवकरात लवकर ओळखणं आणि अभ्यासक्रमात, परीक्षेत योग्य ते बदल करणं ही त्या कायद्याने शासनाची आणि शाळांची जबाबदारी केली. महाराष्ट्राने तर १९९६ मध्येच अशा मुलांसाठी सवलती मान्य केल्या, तेव्हा देशात दुसऱ्या कुठल्या राज्याने ते केलेलं नव्हतं. मात्र त्याचा फायदा प्रामुख्याने मुंबईच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांना मिळत राहिला. तालुक्याच्या मराठी शाळेतलं मूल तिथवर पोचतच नाही, कारण त्याच्याकडे पाहून ‘तपासून घ्या’ म्हणणारं कुणी नसतं. तुमच्या शाळेतल्या त्या बाईंचे आभार माना, खरंच.

तपासणी सरकारी रुग्णालयातच करावी लागते. तुमच्या जिल्हा रुग्णालयात सोय आहे का ते आधी विचारा, नसेल तर कुठे पाठवतात तेही तेच सांगतील. मोठ्या शहरातल्या रुग्णालयांत तारीख मिळायला महिने लागतात, म्हणून दिवाळीची वाट बघू नका. आधी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. यात एका गोष्टीवर अडून बसा: चाचणी मराठीतून व्हायला हवी. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला देऊन काढलेला निष्कर्ष काय कामाचा? मराठीत साधनं नाहीत असं कुणी म्हणालं तर हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचण्यांचं नाव घ्या. त्या हिंदी, इंग्रजी, कन्नडसोबत मराठीतही आहेत. प्राथमिकच्या मुलांसाठी त्या जास्त उपयोगी आहेत, पण मराठीत तपासणी होऊ शकते हे सांगायला तेवढं पुरे. जाताना पहिलीपासूनच्या जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तकं न्या. रद्दीत घातल्या नसतील अशी आशा आहे.

वयाचाही हिशेब डोक्यात ठेवा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी देत नसत आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे. ती तत्त्वं २०२४ मध्ये बदलली, म्हणून पुन्हा तपासणी कधी लागेल ते रुग्णालयातच विचारून घ्या. तुमचा मुलगा चौदाचा होईल तेव्हा नववीत असेल. म्हणजे आत्ता कागद हातात आला तरी दहावीच्या आधी पुन्हा रांगेत उभं राहावं लागू शकतं, आणि दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे त्यानंतर जाणार.

सवलतींत तासामागे २० मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, भाषेच्या बाबतीत सूट मिळते, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेण्याची मुभा आहे. सगळं मिळतंय म्हणून सगळं घेऊ नका. गणित सोडलं तर विज्ञान शाखा आणि तांत्रिक पदविका यांची दारं बंद होऊ शकतात, आणि तुमच्या मुलाचं तोंडी गणित चांगलं आहे असं तुम्हीच लिहिलंय. लेखनिक तर बहुतेक घरांत शेवटच्या महिन्यात आठवतो. नियमाने तो खालच्या वर्गातला लागतो. त्याच्याकडून उत्तर लिहून घेणं, म्हणजे मुद्दे मनात लावून एकेक वाक्य सावकाश सांगणं, हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याचा सराव आठवीपासून हवा. काही मुलांना ते जमतच नाही, त्यांना नुसता जादा वेळ जास्त मानवतो.

पण ताई, माझी खरी काळजी इथून पुढे सुरू होते. प्रमाणपत्र मिळालं, सवलती मिळाल्या, की घरचे आणि शाळा दोघंही सुटकेचा श्वास टाकतात आणि मुलाला वाचायला शिकवायचं राहूनच जातं. पंगतीत वेळ वाढवून दिला पण ताटात काही वाढलंच नाही, असं ते होतं. बारा वर्षांचं मूल वाचायला शिकू शकतं. इतरांपेक्षा हळू शिकेल, कदाचित कायमच जरा हळू वाचेल, पण शिकेल. त्याला वेगळ्या पद्धतीने, पायरीपायरीने शिकवावं लागतं.

तुम्ही अंगणवाडीत आहात, त्यामुळे यातलं निम्मं तुमच्या हाताचं आहे. सुरुवात कानापासून करा. पुस्तक बाजूला ठेवून शब्दाचे तुकडे पाडायचे: ‘शे-त-क-री’, टाळी वाजवत. ‘त’ काढला तर काय उरतं? ‘क’च्या जागी ‘म’ घातला तर? हे जमायला लागलं की अक्षरं. एकदम सगळी बाराखडी नको. आधी फक्त काना असलेले शब्द, ते पक्के झाले की वेलांट्या, मग उकार. एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं, ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘प’ आणि ‘ष’, एकाच दिवशी कधीच शिकवू नका. जोडाक्षरांत दांडी गाळून होणारी सोपी आधी: पुस्तक, गप्पा, रस्ता. ‘र’ मात्र सगळ्यात शेवटी आणि एकेक रूप वेगळं, कारण ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी आणि ‘तऱ्हा’मध्ये आणखी निराळा दिसतो. वर तो ‘सूर्य’मध्ये ऐकू आधी येतो आणि लिहायचा मात्र पुढच्या अक्षरावर असतो! मोठ्यांना सवय झाली म्हणून यातली गंमत दिसत नाही. शब्द लिहिताना प्रत्येक तुकडा मोठ्याने म्हणत लिहायचा, मग झाकून पुन्हा एकदा. दहा वेळा नाही. रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आणि तो वैतागला की तिथेच थांबायचं.

वाचन मागे आहे म्हणून ज्ञान मागे पडता कामा नये. सातवीचा इतिहास आणि विज्ञान त्याला कानाने शिकू द्या. कुणीतरी वाचून दाखवा, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर त्या पाठाचं साहित्य उघडतं. यजमानांना बोलून पाठवायची सवय आहेच, एखादा धडा समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे द्या.

जवळपास विशेष शिक्षक आहे का, हे पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जाऊन विचारा. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी नेमलेली माणसं तिथे असतात. ती थोडी असतात आणि त्यांच्या वाट्याला शाळा खूप, हेही सांगून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दर १० मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण घालून दिलं. तुमच्या शाळेत तो नाही यात मुख्याध्यापकांचा दोष फारसा नाही, पण मागणीचा लेखी अर्ज मात्र त्यांच्याकडूनच वर जायला हवा. खासगीत कुणाकडे जाणार असाल, ऑनलाइनसुद्धा, तर विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. तीन महिन्यांत बरं करतो म्हणणारे, डोळ्यांवर पट्टी बांधून ‘मिडब्रेन’ जागवणारे, स्मरणशक्तीची औषधं विकणारे, यांना एक रुपया देऊ नका.

विशेष शाळेचा प्रश्न मी चटकन मिटवते. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याची जागा आत्ताच्याच वर्गात आहे. आपल्याकडच्या विशेष शाळा दृष्टी, श्रवण, बौद्धिक अक्षमता अशा वेगळ्या गरजांसाठी असतात. आणि पुढे नववी-दहावी अगदीच जड गेली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी हा सन्मानाचा मार्ग आहे. तिथे पाच विषय लागतात, किमान एक भाषा पुरते, गणित सक्तीचं नाही आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत जमेल तसे विषय सोडवता येतात. तो आज निवडायची गरज नाही.

शाळेत मात्र आजच बरंच होऊ शकतं आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांना गुण आहेतच. वर्गशिक्षकांना भेटून मोजकं मागा. त्याला न सांगता उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. फळ्यावरचं उतरवून घ्यायला मित्राची वही किंवा फोटो चालावा. इतिहास-भूगोलाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. प्रश्नपत्रिका कुणीतरी त्याच्याजवळ एकदा वाचून दाखवावी. तक्रारीच्या सुरात जाऊ नका, ते सर चाळीस-पन्नास मुलं सांभाळतात. हे वाचणाऱ्या शिक्षकांनाही माझं म्हणणं एवढंच की यातल्या एकाही गोष्टीने बाकीच्या मुलांचं काही बिघडत नाही. आणि आठवीचं लक्षात असू द्या: राज्याच्या २०२३ च्या नियमबदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात. तुमच्या हातात दीड वर्षही नाही.

तबला आणि बुद्धिबळाबद्दल. ‘अशी मुलं कशात तरी असामान्य असतात’ हे ज्याने कुणी सांगितलं त्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने तुमच्या मुलावर आणखी एक परीक्षा लादली आणि त्यातही तो आता नापास होतोय. वाचता न येण्याची भरपाई त्याने प्रतिभेने करायला हवी असं कुठे लिहिलंय? तो साधा, चारचौघांसारखा मुलगा असू शकतो. साध्या मुलालाही वाचायला शिकण्याचा हक्क आहे. तबला आवडत असेल तर वाजवू दे, नसेल तर दुसऱ्याला देऊन टाका.

बहिणीला त्याची शिक्षिका करू नका, अगदी प्रेमाने म्हणाली तरी. आणि दोघांना शेजारी बसवून वाचून घेणं लगेच थांबवा.

याच सदराच्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. पहिली-दुसरीतलं मूल यमक ओळखत नसेल, अक्षरांची नावं पुन्हा पुन्हा विसरत असेल, तर ‘मुलगे जरा उशिरा शिकतात’ म्हणून वाट बघू नका. आणि काही घरांत तपासणीनंतर बुद्ध्यांक ७१ ते ८४ च्या मध्ये निघतो. मग मूल बऱ्याचदा या प्रमाणपत्रात बसत नाही, बौद्धिक अक्षमतेच्याही नाही, आणि आईबाप हात हलवत परत येतात. सगळ्यात जास्त उपेक्षा याच मुलांची होते. सवलत मिळाली नाही, तरी वर सांगितलेली शिकवण्याची पद्धत त्यांनाही तितकीच लागू पडते, आणि वर्गशिक्षकांकडे मागायच्या गोष्टीही.

ताई, तुमच्या पाच पानी पत्रात सर काय म्हणतात, बाई काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात हे सगळं आहे. मुलगा काय म्हणतो ते एकदाही नाही. त्याला स्पष्ट सांगा की अक्षरं पकडायला त्याला वेगळ्या तऱ्हेने शिकावं लागणार आहे, त्यात त्याची चूक नाही आणि तपासणी त्यासाठीच आहे. मुलांना हे ऐकून धक्का बसत नाही, बहुतेकांना हायसं वाटतं. रोजच्या वीस मिनिटांसाठी वेळ काढायचा तर दोन शिकवण्यांपैकी एक बंद करावी लागेल. कोणती, ते त्यालाच ठरवू द्या.